वरंब्यावरची पांढरी रेघ

उधाणाच्या दिवशी मिठागराचं दार उघडायचं आणि शेताचं दार बंद ठेवायचं, एवढा साधा हिशेब होता. जावयाच्या हातून नऊ वर्षं तो कधी चुकला नव्हता. दहाव्या वर्षी चुकला.

गावात त्याला सगळे मिठवाला म्हणत आणि घरात जावई. बायको एकुलती एक, म्हणून लग्नानंतर तो सासरीच राहिला. दिवसभर खाडीपलीकडच्या मिठागरात काम करायचा आणि सकाळ-संध्याकाळ सासऱ्याच्या शेतात हात लावायचा. सासऱ्याला तो मामा म्हणे. मामांचा शेतावर जीव होता. जावई मिठागरातून थेट शेतावर आला, तर ते त्याला बांधावरच थांबवत आणि पाटाच्या पाण्यात पाय धुवायला लावत. पायाला लागलेलं मीठ ते किती असणार? पण तो मुकाट्याने धुवायचा. टाचांच्या भेगांत पाणी गेलं की चुरचुरायचं.

शेताचे दोन तुकडे होते. वरच्यात घेवडा, खालच्यात वांगी. खालचा तुकडा खाडीच्या बांधाला लागून होता आणि घराचं सगळं त्याच्यावर चाले. वांगी लागली की चार महिने बाजार मिळायचा, त्यातच धान्य, कपडे, पोरीच्या शाळेचं सामान भागायचं. यंदा रोपं नामी उठली होती. लावून तीन आठवडे झाले होते आणि पानं तळहाताएवढी झाली होती.

बांधाच्या पोटातून एक मोरी खाडीत निघत होती. तिच्या तोंडाला बाहेरच्या अंगाने लाकडी झडप होती, वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली. ओहोटीला शेतातलं जादा पाणी झडप ढकलून बाहेर पडे आणि भरतीला खाडीचं पाणीच तिला दाबून धरी. माणसाने काही करायची गरज नसे. फक्त अधूनमधून तिथं गवत-काटक्या अडकत. मग दोरीने झडप वर ओढून खुंटीला अडकवायची, तोंड साफ करायचं आणि झडप परत खाली सोडायची.

त्या दिवशी उजाडता उजाडता जावयाने झडप उचलली, दोरी खुंटीला अडकवली, काटक्या काढल्या, हात धुतले आणि कामावर चालता झाला. मिठागरात असंच करतात. उधाण आलं की दार उचलायचं, दोरी अडकवायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पाणी आपलं आपण येतं. हात त्या वळणावर गेले आणि डोकं त्यांच्या मागोमाग गेलं.

दहाच्या सुमाराला तो मिठागराच्या दाराशी उभा होता. खाडीचं पाणी फेसाळत आत येत होतं आणि मुकादम मजेत म्हणाला, "आज चांगलं भरतंय." जावयाने मान डोलावली. मग डोळ्यांपुढे शेताच्या मोरीवरची खुंटी आली, खुंटीला तशीच अडकवलेली दोरी आली. आज आपण दोन दारं उघडली.

हातातली फळी तिथंच टाकून तो पळत सुटला. खाडीवरच्या साकवावरून पाऊण तासाची वाट त्याने अर्ध्या तासात तोडली. पण पाणी त्याच्या आधी पोहोचलं होतं.

वांग्यांच्या सगळ्या सऱ्या भरल्या होत्या. सरी म्हणजे दोन ओळींमधली पाण्याची वाट. दोन सऱ्यांमधला जो उंचवटा, ज्याच्यावर रोप उभं असतं, तो वरंबा. वरंब्यांच्या नुसत्या पाठी पाण्याबाहेर होत्या. झडप आता पडलेली होती. शेजारच्या शेतातल्या माणसाने दोरी कापून ती पाडली होती. त्या माणसाला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा लागला की बंद व्हायचं बटण त्याला नव्हतं. तो बांधावर उभा राहून, आपण कसं पाहिलं, कसे धावलो, कोयता कसा नेमका हाताशी होता, हे मामांना तिसऱ्यांदा सांगत होता.

मामा ऐकत नव्हते. गुडघाभर पाण्यात उभे होते. जावई आला तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. लेकीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचार, झडप अडकून राहिली होती, का कोणी उचलली होती?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. अडकली म्हण, असं तिचे डोळे सांगत होते.

"मी उचलली, मामा," जावई म्हणाला. "साफ करायला. खाली सोडायची राहिली."

रेडिओने कोयता कमरेला खोचला.

दुपारी ओहोटी लागली तशी झडप आपोआप उघडली आणि सऱ्यांतलं पाणी निघून गेलं. मागे काळा चिखल राहिला. मामांनी लेकीकरवी हुकूम सोडला. पाटाचं पाणी या तुकड्याला अजिबात द्यायचं नाही. जमीन उन्हाला द्यायची. चार दिवस खडखडीत वाळली की खुरपून घ्यायची, म्हणजे मुळांना वारा लागेल. त्यांनी आयुष्यात तीन पूर पाहिले होते आणि तिन्ही वेळा शेत असंच वाचवलं होतं.

जावयाला तिथंच काहीतरी खटकलं. पण ज्याने शेत बुडवलं त्याने शेतकी शिकवायची म्हणजे काय? तो कुदळ उचलून घरी आला.

सासू स्वयंपाकघरात होती. तिची जीभ आळीत प्रसिद्ध होती. तिच्यासमोर भाजीवालेसुद्धा जपून बोलत. तिने ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "जावई, मीठ घरात आणा म्हटलं होतं हो मी. शेतात न्या म्हटलं नव्हतं."

तो हसलाही नाही, रुसलाही नाही. ताटातलं खाली मान घालून संपवलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला सांगून तो दुपारीच परतला. ऊन कडक होतं आणि वारा सुटला होता. बांधावर पोचल्यावर त्याने सवयीने आधी पाय धुतले, मग मान वर केली आणि उभाच राहिला.

वांग्यांची पानं पडली होती. कुत्र्याने कान पाडावेत तशी दोन्ही बाजूंनी लोंबत होती. खाली माती ओली होती. बोट घातलं तर दोन पेरं आत जात होतं. एवढ्या ओलीत उभी असून रोपं तहानेने मान टाकून होती.

आणि वरंब्यांच्या माथ्यावर, प्रत्येक रोपाच्या अगदी बुडाशी, एक पांढरी रेघ उमटली होती.

ती रेघ त्याच्या ओळखीची होती. मिठागरात वाफ्यातलं पाणी उन्हाने आटत आलं, की एके दिवशी काठावर अशीच पांढरी साय दिसते. त्या दिवशी सगळे खुशीत असतात. मुकादम चहा पाजतो. आता आठ दिवसांत मीठ धरणार, असा त्याचा अर्थ. मिठवाल्याचं सगळं काम हेच. पाणी आत घ्यायचं, अडवायचं आणि ऊन-वाऱ्याच्या हवाली करायचं. पाणी वर उडून जातं. मिठाला उडता येत नाही, ते मागे राहतं.

म्हणजे मामा शेतात मीठ पिकवत होते. जमीन जसजशी वाळेल, तसतसं खालचं खारं पाणी ओलीबरोबर वर चढेल, वरंब्याच्या माथ्यावर येऊन उडून जाईल आणि मीठ तिथंच ठेवून जाईल. नेमकं मुळाशी. आणखी दोन दिवस असंच ऊन मिळालं, तर ही वांगी परत उठायची नाहीत.

त्याने ती पांढरी माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली. त्याला काही कळलं नाही. तेरा वर्षं मिठात काढलेली जीभ, थोडंबहुत खारट तिला लागतच नसे.

तो मामांना शोधत वरच्या तुकड्यात गेला. मामा घेवड्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या बांधत होते. तो जवळ जाऊन उभा राहिला. मामांनी तोंडात धरलेली सुतळी काढली, लेकीला हाक मारली आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, काम नसेल तर गोठा झाडायचा राहिलाय."

जावयाने गोठा झाडला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. पोर आठ वर्षांची, तिला घरात चिमी म्हणत. ती दुपारी शेतावर जाऊन आली होती आणि तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन फिरत होती. तिने आजोबांना विचारलं, वांगी चिखलात उभी आहेत तरी तहानल्यासारखी का दिसतात? आजोबा म्हणाले, पाणी साचून मुळं गुदमरलीत, म्हणून. चिमीने विचारलं, मग आपण विहिरीत पोहतो तेव्हा आपल्याला तहान लागते का? आजोबा म्हणाले, गप जेव.

सासूने मघाशी काकडीच्या चकत्या करून त्यांवर मीठ टाकून ठेवलं होतं. ती थाळी तिने मध्ये सरकवली. चकत्या मऊ पडून वाकल्या होत्या आणि थाळीत पाणी जमलं होतं.

"आजी, यात पाणी कोणी ओतलं?" चिमी म्हणाली.

"कोण ओतणार? सुटलंय ते."

जावयाने घास खाली ठेवला. दोन दिवस तो घरात बोलला नव्हता. तो बोलला लेकीशीच, पण आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. त्याने तिला एक चकती उचलायला सांगितली. ती दोन बोटांत धरली तर चिंधीसारखी लोंबली. मग सासूकडून बिनमिठाची एक चकती मागून घेतली. ती ताठ उभी राहिली. तो म्हणाला, मीठ पाणी आपल्याकडे ओढतं. बाहेर मीठ जास्त झालं, की काकडीतलं पाणी बाहेर जातं. रोपाचं मूळही असंच असतं. जमिनीत गोडं पाणी असलं की मूळ ते आत ओढतं. जमिनीत मीठ जास्त झालं की जमीनच ते पाणी धरून ठेवते, सोडत नाही. उलट मुळातलंच ओढू लागते. पाणी समोर असतं पण पिता येत नाही. म्हणून चिखलात उभं राहून रोप तहानतं.

"मग पाणी आटलं की मीठ पण जाईल ना?" चिमीने विचारलं.

"आईने दूध आटवलं की साखर जाते का?"

चिमीने विचार केला. "नाही. जास्त गोड लागतं."

"तसंच."

 सासू काकडीच्या थाळीकडे बघत होती. आयुष्यभर तिने काकडीवर मीठ टाकलं होतं आणि पिळून पाणी फेकलं होतं. मामांनी एक वाकलेली चकती उचलली, बोटांत फिरवली, परत ठेवली. मग एक ताठ चकती उचलली. ती त्यांनी खाल्ली. बराच वेळ चावत राहिले.

"मग काय करायचं म्हणता?" ते म्हणाले. आणि हे त्यांनी लेकीला विचारलं नव्हतं.

जावयाने सांगितलं. मीठ आलं पाण्याबरोबर, जाईल तेही पाण्याबरोबरच. पण सरीतून थोडं थोडं पाणी देऊन चालणार नाही, ते मिठाला ढकलून वरंब्यावरच चढवेल. पाणी वरून खाली जायला हवं. सगळा तुकडा वरंबे बुडेपर्यंत गोड्या पाण्याने भरायचा, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटी लागली की सगळं खाडीत सोडून द्यायचं. मग परत एकदा.

"वांगं पाण्यात उभं केलं तर कुजतं," मामा म्हणाले.

"दिवसभर ठेवलं तर कुजेल. चार-पाच तासांनी नाही कुजायचं. भरती-ओहोटीच्या वेळा मला पाठ आहेत, मामा."

 अडचण दुसरीच होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. पाटाच्या पाण्याची पाळी आठ दिवसांतून एकदा यायची, उजाडल्यापासून अंधारापर्यंत. पुढची पाळी परवा होती. घेवडा फुलावर आला होता. खालचा तुकडा धुवायचा म्हणजे घेवड्याच्या तोंडचं पाणी काढून खाडीला द्यायचं, आणि मग पुढचे आठ दिवस घेवडा कोरडा. एवढं करून वांगी उठली नाहीत, तर दोन्ही तुकडे हातचे जाणार.

मामा उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "उद्या चर खणायला लागेल. पाणी मोरीकडे झटकन जायला हवं."

तिसरा दिवस चर खणण्यात गेला. तुकड्याच्या तीन बाजूंनी हातभर खोल चर. चिखल जड होता. फावडं मारलं की मातीत रुतून बसायचं, उपसताना आवाज करायचं. जावई खणत होता, बायको घमेली वाहत होती आणि मामा पुढे दोरी लावून उतार धरत होते. दुपारपर्यंत जावयाच्या हातांचे जुने घट्टे फुटले. फावड्याच्या दांड्याला रक्त लागलं. मामांनी ते पाहिलं, डोक्याचं फडकं सोडून मधोमध फाडलं आणि काही न बोलता त्याच्याकडे टाकलं. त्याने ते तळव्यांना गुंडाळलं आणि पुढे खणू लागला. मिठागरात त्याने रजा मागितली तेव्हा मुकादम हसला होता. म्हणाला होता, इथं मीठ काढायला पण तू आणि तिथं मीठ घालवायला पण तूच, बरा धंदा शोधलास.

पाळीच्या दिवशी उजाडताच पाटाचं पाणी आलं. मामांनी स्वतः फावड्याने खालच्या तुकड्याकडचा दगड काढला. पाणी सरीत शिरलं, सऱ्या भरल्या, मग वरंब्याच्या कडा ओल्या झाल्या. वरच्या तुकड्यात घेवड्याची फुलं वाऱ्यावर हलत होती. मामा तिकडे पाठ करून उभे राहिले.

साडेदहाला वरंबे बुडाले. पांढरी रेघ पाण्याखाली गेली आणि दिसेनाशी झाली. पाण्यावर नुसती वांग्यांची पडलेली पानं होती. भरती चढत होती, झडप घट्ट लागली होती. आता थांबायचं होतं.

रेडिओ आपल्या बांधावर येऊन बसला. त्याला तर आयती मैफल मिळाली. तो म्हणाला, मी माणसांना पाणी पाजलेलं पाहिलंय, जनावरांना पाजलेलं पाहिलंय, समुद्राला गोडं पाणी पाजायला निघालेलं घर आजच पाहतोय. त्याची तहान भागली की मला सांगा. मामांचा जबडा हलला. जावयाला वाटलं, आता हे दगड परत लावायला सांगतील. पण मामा म्हणाले, "तुझ्या शेताला उद्या खारं लागलं तर आमच्याच दाराशी येशील, तेव्हा सांगतो." रेडिओ हसला, पण थोडा वेळ तरी बंद झाला.

तीनच्या सुमाराला झडपेच्या कडेने पहिली धार सुटली. मग झडप ढकलली गेली आणि पाणी चरांतून मोरीकडे धावत सुटलं, गढूळ, मातकट. जावयाने ओंजळीत घेऊन चाखलं. त्याला पाण्यासारखं पाणी लागलं. मामांनी चाखलं. तंबाखूने त्यांच्या जिभेची चवच गेली होती. दोघं एकमेकांकडे बघू लागले. मीठ निघतंय की नाही, हे कळणार कसं?

"आईला बोलवा," बायको म्हणाली.

सासू पदराला हात पुसत बांधावर आली. मोरीच्या तोंडाशी वाकून तिने चुळकाभर पाणी घेतलं, तोंडात फिरवलं आणि थुंकून टाकलं.

"असं कोणी वाढलं असतं तर मी ताटावरून उठले असते," ती म्हणाली.

जावयाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. मीठ निघत होतं. आयुष्यभर ज्या जिभेचा घराने धसका घेतला, ती आज कामाला लागली. सासूलाही ते आवडलं असावं. ती घरी गेलीच नाही. चरापाशी जेवायच्या पाटावर बसल्यासारखी मांडी घालून बसली आणि दर थोड्या वेळाने चाखून निकाल देऊ लागली. अजून खारट. अजूनही. आता जरा माणसात आलं.

पाणी निघाल्यावर, ओहोटीत नवं पाणी लगेच पळू नये म्हणून मोरीचं आतलं तोंड तात्पुरतं चिखलाने बुजवून तुकडा दुसऱ्यांदा भरला. या वेळी घाई होती, कारण अंधाराबरोबर पाळी संपायची होती. सूर्य टेकला तेव्हा मोरीतून दुसरं पाणी बाहेर पडत होतं. सासूने चाखलं, थोडं थांबली, परत चाखलं.

"मीठ आहे," ती म्हणाली, "पण रोजच्यापेक्षा एक चिमूट जास्त, एवढंच. खपून जाईल."

मामा म्हणाले, "वांग्यांना खपायला हवं. तुला नाही."

त्यानंतरचं काम जावयाला सगळ्यात अवघड गेलं. जन्मभर त्याने पाणी उन्हात ठेवलं होतं. आता जमीन उन्हापासून लपवायची होती. जमीन झाकलेली राहिली, की ओल वर येऊन उडत नाही, आणि ओल उडाली नाही, की मीठही वर येत नाही. गोठ्यातला पेंढा, झाडांखालचा पाचोळा, रेडिओच्या शेतातलं जुनं गवतसुद्धा मागून आणलं. चौघं आणि चिमी मिळून वरंब्यांवर ते चार बोटं जाडीने पसरत गेले. पेंढा संपला तेव्हा तीन ओळी राहिल्या. मामा घरी गेले आणि स्वतःच्या अंथरुणाखालचा पेंढा घेऊन आले.

रोज पहाटे विहिरीवरून घागरी आणून जावई आणि बायको झाडाझाडाला थोडं थोडं पाणी घालत. विहीर घराशी होती, वाट उताराची, आणि रिकामी घागर घेऊन चढताना मांड्या भरून येत. तिथून जावई मिठागरात जाई. वर घेवडा सुकत चालला होता. फुलं गळाली, कडेची पानं पिवळी पडली. मामा रोज वर जाऊन गळालेली फुलं बघून यायचे. 

शेत धुतल्यापासून चौथ्या दिवशी मोरीजवळच्या दोन ओळी गेल्या. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरल्या आणि देठ काळे पडले. बायकोने ती रोपं उपटली, तिच्या हातात मुळं तुटून आली. बाकीची तशीच उभी होती. सकाळी ती तरतरीत दिसत आणि बायकोचा चेहरा उजळे. पण मामा मान हलवत. रात्रीच्या गारव्याने कुठलंही आजारी रोप सकाळी बरं दिसतं, ते म्हणत. खरं काय ते दुपारी बारा वाजता दिसतं. आणि बारा वाजता पानं पडत. पाचव्या दिवशी पडली. सहाव्या दिवशीही पडली, पण वरच्या बाजूच्या ओळींत जरा उशिरा पडली, असं चिमीचं म्हणणं होतं. तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

आठव्या दिवशी परत पाळी आली आणि तिच्याबरोबर प्रश्न आला. पाणी कुठं द्यायचं? मीठ अजून असेल, तर तिसऱ्यांदा धुवायला हवं आणि मग घेवड्याची आशा सोडायची. मीठ गेलं असेल आणि तरी धुतलं, तर घेवडा फुकट मेला. मामांनी उजाडल्यापासून पाट अडवून ठेवला होता. पाणी बांधाशी तुंबून आवाज करत होतं. जावई कामावर गेला नव्हता.

"बारापर्यंत थांबू," तो म्हणाला. "बारापर्यंत पाणी वाया जाऊ दे."

"अर्धी पाळी जाईल."

"जाऊ दे, मामा."

मामा बसले.

सकाळ सरत गेली. ऊन वाढलं. सासू डोक्यावर पदर घेऊन आली. तिने चराच्या तळाशी खड्डा करून झिरपलेलं पाणी चाखलं, पण आज तिलाही नक्की सांगता येईना. मीठ आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही, असं ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली. रेडिओ आला आणि कोणी विचारायच्या आत खाली बसला. त्याने तोंड उघडलं नाही. बायको पोरीला मांडीवर घेऊन बांधाच्या कडेला टेकली. सगळे एकाच बाजूला बघत होते.

साडेअकरा झाले. सावल्या पायाखाली आल्या. वारा पडला आणि मातीतून वाफ यावी तसं उकडू लागलं. याच वेळेला रोज पानांची टोकं आधी सैल पडत, मग मधली शीर वाकत असे. जावयाने एक रोप हेरून ठेवलं होतं, मधल्या ओळीतलं. त्याच्या शेंड्याला एक नवं पान फुटलं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं, जांभळट. ते दोन दिवसांपूर्वी नव्हतं. त्याने डोळे तिथंच खिळवले आणि घाम पुसायलाही हात उचलला नाही.

बारा झाले. सव्वाबारा झाले.

पानं उभी होती.

आधी कोणाचा विश्वास बसेना. मामा उठले आणि ओळीतून चालत गेले. एका रोपाशी वाकून त्यांनी पान खालून वर उचलल्यासारखं केलं, पण ते आधीच वर होतं, हाताला भार लागला. दुसऱ्या रोपाशी गेले, तिसऱ्या रोपाशी गेले. मोरीजवळची आणखी दहा-बारा रोपं मान टाकून होती, ती जाणारच होती. बाकीचा सगळा तुकडा त्या आगीसारख्या उन्हात ताठ उभा होता. चिमी म्हणाली, "मी सांगितलं होतं." आणि या वेळी तिला कोणी गप केलं नाही.

सासूने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे की हसते आहे ते कळलं नाही. रेडिओ एवढा वेळ कोंडलेला, तो एकदम सुरू झाला. आपलं गवत किती चांगलं होतं, ते कसं नेमकं कामी आलं, असं काहीसं. त्याला सगळ्यांनी बोलू दिलं.

मामा ओळीतून परत आले. चेहऱ्यावर घाम आणि माती होती. त्यांनी फावडं उचललं, पाटापाशी गेले, आणि दगडाशी थांबले. एका बाजूला खालचा तुकडा, एका बाजूला वरचा.

"जावई," ते म्हणाले, "आता धुवायला नको ना?"

"नको, मामा. आता घेवडा."

मामांनी फावडं त्याच्या हातात दिलं. जावयाने वरच्या बाजूचा दगड उपटला. सकाळपासून तुंबलेलं पाणी एकदम सुटलं आणि कोरड्या पाटातून धूळ, पानं, काड्या पुढे ढकलत घेवड्याकडे पळालं. मामा त्याच्यामागे चालू लागले, मग झपझप चालू लागले, मग साठीच्या वर गेलेला तो माणूस पाण्याच्या बरोबरीने चक्क धावू लागला. पहिली ओळ, दुसरी ओळ, कुठं फुटलं तर पायाने माती लोटत, कुठं अडलं तर हाताने वाट करत. अर्ध्याच पाळीचं पाणी होतं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेल की नाही, याचा भरवसा नव्हता.

पोचलं. अंधार पडायच्या जरा आधी, बोटभर धार शेवटच्या वेलाच्या बुडाशी गेली आणि मातीत मुरली.